तायडेंचं बोदवड

गेल्या थंडीत आमच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांची भरीत-पार्टी होती. जळगावजवळच्या एका मळ्यात. निवृत्त झालेले आम्ही सात-आठ म्हातारे आणि सध्या नोकरीत असलेली काही तरुण मंडळी. वांगी भाजली जात होती. तेवढ्यात पाहुण्यांची एक गाडी वाट चुकून भलत्याच शिवारात गेल्याचा निरोप आला. ज्या तरुणानं त्यांना रस्ता सांगितला होता, त्याच्या पाठीवर थाप मारून दुसरा म्हणाला, "झालं! केलंस ना तायडेचं बोदवड!"

सगळे हसले.

मी त्या मुलाला विचारलं, "तायडे कोण, माहीत आहे का तुला?"

"नाही सर. म्हण आहे ना ती आपल्या ऑफिसची. छातीठोक सांगायचं आणि साफ चुकायचं, म्हणजे तायडेचं बोदवड."

मी हात धुतले आणि विहिरीच्या कडेला जाऊन बसलो. तायडेंना जाऊन वर्ष होत आलं होतं. ज्या माणसाचं क्वचितच काही चुकलं, त्याचं नाव चुकीला कायमचं चिकटलं होतं. ते कुणामुळे चिकटलं हे दोघांनाच ठाऊक होतं. आता मी एकटाच उरलो आहे, आणि माझंही वय ऐंशीच्या पलीकडे गेलं आहे. म्हणून हे लिहितो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो आणि तायडे माझे सहायक. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. आमचं काम फिरतीचं. ज्या गावचा बाजार असेल तिथे आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी जाऊन चावडीत बसायचं; याला आम्ही कॅम्प म्हणायचो. व्यापारी आपापली वजनं घेऊन यायचे. आमच्या पेटीतल्या पितळी वजनांशी ती ताडून पाहायची, आणि बरोबर असली तर वजनाच्या पोटातल्या शिशावर शिक्का ठोकायचा. ठोकायचं काम तायडेंचं. हातोडीचा एकच घाव, पण शिक्का असा उठायचा की आंधळ्यालाही बोटानं वाचता यावा. जळगाव जिल्हा तर आमच्याकडे होताच. धुळ्याकडे माणूस कमी पडला की तिकडचाही काही भाग आमच्याच गळ्यात यायचा. त्यामुळे बोदवडपासून थेट पिंपळनेरपर्यंत आम्ही एसटीनं हिंडायचो. तायडे खिडकीशी बसायचे आणि वजनांची पेटी मांडीवर घ्यायचे. मी झोपायचो.

उंच, सडपातळ माणूस. खाकी शर्ट, पांढरा पायजमा, केसांना चापून तेल. मूळचे बोदवडचे, नोकरीमुळे जळगावात पिंप्राळ्याला दोन खोल्यांत राहायचे. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, पण हुद्द्याच्या तोऱ्यात मी त्यांना नुसतं 'तायडे' म्हणायचो. ते मला 'साहेब' म्हणायचे आणि त्यात कुठेही कमीपणा मानायचे नाहीत.

नव्या गावात उतरलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं तायडे बोलायचे नाहीत. आधी हापसा किंवा आड गाठायचा. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन, डोळे मिटून, ते जरा वेळ तसंच धरायचं आणि मग गिळायचं. मग घरांच्या मागच्या बाजूनं एक फेरी. चुली मागच्या बाजूला असतात, म्हणून. कशाचा धूर आहे, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा, तुरीच्या तुरकाट्यांचा की गोवऱ्यांचा, ते पाहायचं. आणि जेवायला बसलं की न मागता पानात काय पडतं इकडे बारीक लक्ष. "मागून मिळते ते हॉटेल, साहेब," ते म्हणायचे. "न मागता वाढतात ते गाव." कुठे ठेचा पडायचा, कुठे कच्चा कांदा फोडून यायचा, कुठे भाकरीवर तेलाची धार. एवढं झालं की पेटीवर हात ठेवून ते निकाल द्यायचे, "हे यावलचं भावंड आहे." किंवा, "याचं जुळं मी पाहिलं आहे. आठवू द्या."

जेवण कितीही चविष्ट असो, 'चांगलं आहे' असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "ओळखीचं आहे."

त्यांचं म्हणणं असं की जमिनीवर गावं दिसतात तितकी नसतात. थोडीच असतात, आणि तीच पुन्हा पुन्हा लागतात. मधे नदी आली, जिल्हा बदलला, बोली बदलली की आपल्याला वाटतं आपण लांब आलो. पण भाकरी तीच, दुपारची झळ तीच, आणि दिवे लागायच्या वेळेला पोटात जे एक हलल्यासारखं होतं, तेही तेच. म्हणून प्रवासाला निघताना माणसानं रस्ता नंतर विचारावा. आधी विचारावं की जातोय त्या गावाचं जुळं आपल्याकडे कोणतं.

हे ऐकताना सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा असं झालं. उन्हाळ्याचे दिवस होते, बसमध्ये मला गाढ झोप लागली होती. गाडी थांबली, मी डोळे चोळत उतरलो. समोर लिंबाचं झाड, त्याखाली रसवंती, घुंगरांचा आवाज, डावीकडे वळणारा धुळीचा रस्ता. पहूर आलं, असं समजून मी सरळ डावीकडे वळलो. तिथे माझी पानाची नेहमीची टपरी होती. टपरी होतीच. पानवाल्यानं मान वर केली तेव्हा चेहरा अनोळखी. मी विचारलं, "आज महादू नाही का?"

"कोन महादू?" तो म्हणाला. "हाई शिंदखेडा शे, भाऊ. पान लावू का?"

आपण जागे आहोत की अजून बसमध्येच आहोत, तेच कळेना. मागून तायडे पेटी घेऊन आले आणि एवढंच म्हणाले, "एकाच आईची लेकरं आहेत ही, साहेब. चुका होतातच."

त्यानंतर मीही त्यांच्या गावांत राहू लागलो, असं म्हटलं तरी चालेल. बस धावत असायची, खिडकीतून केळीच्या बागा मागे पडायच्या, मग कपाशी, मग उघडं रान. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या धुंदीत रावेरच्या मागे बऱ्हाणपूर, चोपड्याच्या मागे नर्मदेकाठच्या निमाडातलं कुठलंसं गाव उभं असल्यासारखं वाटायचं. पातळ कापडाच्या घड्या एकावर एक ठेवल्या की खालच्या घडीची नक्षी वर दिसते तसं. तायडे स्वतः निमाडात गेलेले नव्हते. कपाशीच्या ट्रकचे ड्रायव्हर, सुट्टीवर आलेले फौजी, लग्नाला आलेली वऱ्हाडी मंडळी, जो भेटेल त्याला ते विचारायचे, "तिकडे भाकरीसोबत काय देतात हो, न मागता?" समोरचा चक्रावायचा. मग सांगू लागायचा, आणि सांगता सांगता त्याचा आवाज हळू व्हायचा.

ऑफिसात चेष्टा व्हायचीच. आमचे हेडक्लार्क बोरसे नाना जिभेचे तिखट. "तायडे, दिल्लीचं जुळं सांगा बरं! पहूर-कसबे का पहूर-पेठ?"

"दिल्ली ओळखीची नाही, नाना," तायडे शांतपणे म्हणायचे.

पण एका उन्हाळ्यात नानाच अडचणीत आले. रजा प्रवास सवलत पदरात पडली होती आणि म्हातारी आई सोबत येणार म्हणून हटून बसली होती. मागच्या प्रवासात तिनं चार दिवस बाहेरच्या अन्नाला तोंड लावलं नव्हतं. बिस्किटं चहात बुडवून दिवस काढले आणि घरी आल्यावर आजारी पडली. नानांनी चेष्टेच्या सुरात, पण घाबरून विचारलं, "बोला तायडे. कुठं नेऊ म्हातारीला?"

तायडे दुसऱ्या दिवशी नानांच्या घरी गेले. म्हातारीजवळ बसून त्यांनी तिच्या माहेराच्या गोष्टी काढल्या. ती चोपड्याकडची. आंबट काय खायचात, चूल कुठे असायची, दुपारी ओसरीवर ऊन कुठवर यायचं. परत येऊन म्हणाले, "नाना, महेश्वरला न्या. नर्मदेच्या काठी. डोंगरावर नेऊ नका."

"तुम्ही गेलात का कधी महेश्वरला?"

"नाही. पण तिकडे अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी आहे, असं तीन ड्रायव्हरांनी सांगितलं आहे. तिघं एकमेकांना ओळखत नव्हते."

नाना गेले. परत आले तेव्हा पेढे वाटल्यासारखे ऑफिसभर सांगत सुटले. एका बाईच्या खाणावळीत म्हातारीनं पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "आरे, हाई ते आपलंच गाव शे!" दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी घाटावर बसून त्या खाणावळवाल्या बाईशी तासभर बोलली. तिची बोली निराळी, हिची निराळी, आणि तरी दोघींचं अडलं नाही.

तेव्हापासून लोक प्रवासाला जाण्याआधी तायडेंना विचारू लागले. त्यांच्या टेबलाशी दुपारी दोन-चार माणसं तरी असायचीच. त्यांचा शब्द चुकल्याचं मी ऐकलं नाही.

हे सगळं त्या माणसाचा छंद आहे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. त्यामागचं कारण पुढे कळलं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. पहूरच्या कॅम्पला बसमधून उतरताना पेटी सांभाळण्याच्या नादात तायडेंचा पाय पायरीवरून घसरला. पेटी वाचली, नडगी मोडली. प्लास्टर घालून ते पिंप्राळ्याच्या घरी पडून राहिले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी सुमेधा दारात पापड वाळत घालत होती. एकुलती एक. बारावी झालेली, शिवणकाम शिकलेली, हसरी.

तायडेंनी तिला आत चहाला पाठवलं आणि आवाज उतरवून बोलले. सुमेधासाठी स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, धुळे जिल्ह्यात पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी. (त्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती आणि आहेत.) तायडेंचे भाऊ जाऊन घर पाहून आले होते.

"मुलगा चांगला. माणसं सरळ. घर बरं आहे," तायडे म्हणाले. "गाव राहिलं."

"म्हणजे?"

"साहेब, माझी एक मोठी बहीण होती. अक्का. तिला लांब दिलं. घर चांगलं होतं, कुणी छळलं नाही. पण तिला तिथलं पाणी लागलं नाही, भाकरी लागली नाही, तिथली संध्याकाळ लागली नाही. पहिल्यांदा आणायला गेलो तर मला म्हणे, 'भाऊ, गावचं पाणी आणलं का रे?' मी हसलो होतो. ती शेवटपर्यंत नांदली. पण ती हसणारी अक्का मला परत दिसली नाही. लोक मुलगा पाहतात, घर पाहतात, शेत पाहतात. पोरीला राहायचं असतं गावात. ते कुणी पाहत नाही. सुमेधा झाली तेव्हापासून मी बोदवडचं जुळं शोधू राहिलो. आता हा पाय असा."

माझा पुढच्या आठवड्यात पिंपळनेरला कॅम्प होता. ते त्यांना माहीत होतं.

"तुम्ही तेवढं जा, साहेब. इतकी वर्षं माझ्याबरोबर फिरलात. दुसऱ्या कुणाच्या जिभेवर माझा भरवसा नाही. पाणी प्या. त्यांच्याकडे जेवा. आणि दिवे लागेपर्यंत थांबा. मले एवढंच सांगा, सुमेधाला तिथं संध्याकाळी कसं वाटेल."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

पिंपळनेरचा कॅम्प दुपारी एकला उरकला. ते गाव तिथून तासाभराच्या जीपवर. जीप भरायला वेळ लागत होता. ऊन होतं. त्या वेळी धुळ्याची बस समोर येऊन उभी राहिली. धुळ्यात माझा कॉलेजातला एक मित्र होता. संध्याकाळी जेवायला ये म्हणून कधीचा मागे लागला होता. तायडेंना काय सांगायचं आहे, चार वाक्यंच तर सांगायची आहेत, असं मनाशी म्हणून मी बसमध्ये चढलो. एवढंच घडलं. यामागे मोठं कारण असतं तर मला आज बरं वाटलं असतं.

मित्राकडे कळण्याची भाकरी होती, उडीद घातलेली, खरपूस. भरीत होतं, ठेचा होता. मी भरपूर जेवलो.

दोन दिवसांनी पिंप्राळ्याला गेलो. तायडे पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटले, पाणी तोंडात धरताना मिटायचे तसे. "सांगा."

मी धुळ्याचं ते जेवण उचललं आणि त्या गावात नेऊन ठेवलं.

"भाकरी?"

"कळण्याची."

तायडेंचा चेहरा उजळला. "न मागता काय पडलं?"

"ठेचा. आणि वर तेल."

"धूर कशाचा होता?"

इथे मी अडखळलो, कारण मित्राकडे गॅस होता. मग म्हणालो, "पऱ्हाटीचा."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून बायकोला हाक मारली, "ऐकलं का हो? पऱ्हाटी जाळतात तिकडे!" कमलवहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. तायडे मला म्हणाले, "आणि संध्याकाळ?"

"तायडे, हुबेहूब बोदवड," मी म्हणालो.

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी होकार कळवला. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, "बोदवडचं जुळं सापडलं. पिंपळनेरच्या पुढे निघालं." नानांनी पेढे मागितले. लग्न बोदवडला झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, सुमेधा गेली. तायडेंचा पाय अजून पूर्ण बरा नव्हता, म्हणून पाठवणीला तिच्यासोबत ते तिकडे गेले नाहीत. श्रावणात तिला माहेरी आणायला ते पहिल्यांदा त्या गावी गेले.

तो भाग निराळाच आहे. आमच्याकडे पापड दोन तासांत कडक वाळतो; तिथे पावसाळ्यात पापडाला बुरशी धरते. कपाशी नाही. साग, भात, नागली म्हणजे नाचणी. चुलीत ओली लाकडं, त्यांचा निळा, डोळ्यांत जाणारा धूर. दुपारी चारलाच डोंगराची सावली गावावर येते आणि मग बराच वेळ ना दिवस ना रात्र. ज्यांचं ते गाव आहे त्यांना ते प्राणापलीकडे असेल. पण सपाट काळ्या रानात, लख्ख उन्हात वाढलेल्या मुलीला तिथे पाऊल ठेवल्या ठेवल्या कळलं असेल की आपण परक्या ठिकाणी आलो. हे सगळं मी नंतर पाहिलं. तायडेंनी त्या दिवशी पाहिलं.

सोमवारी ते ऑफिसात आले, मस्टरवर सही केली. मी विचारलं, "काय तायडे, कसं काय?"

"गाव चांगलं आहे, साहेब. हिरवं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेटी उघडून वजनं पुसायला घेतली.

सुमेधा माहेरी आली ती सव्वा वर्ष परत गेली नाही. भांडण नाही, तक्रार नाही. नुसती जायला तयार होईना. जावई भला माणूस. दर दुसऱ्या शनिवारी यायचा, ओट्यावर बसायचा, जेवायचा आणि रविवारी एकटा परत जायचा. ही गोष्ट ऑफिसात पोहोचायला वेळ लागला नाही. एके दिवशी बोरसे नाना भर दुपारी सगळ्यांसमोर म्हणाले, "तायडे, आमच्या म्हातारीला बरोबर धाडलंत आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी पंचांग उलटं धरलंत की काय? बोदवडचं जुळं म्हणे!"

सगळे हसले. तायडेंनी हातातली फाईल बंद केली. माझं टेबल त्यांच्यापासून चार हातांवर होतं. आता ते म्हणतील, गावाची परीक्षा मी केली नव्हती, साहेबांनी केली होती, म्हणून मी मान खाली घालून बसलो.

"चुकलं, नाना," तायडे म्हणाले. "माझंच चुकलं."

मी तेव्हाही काही बोललो नाही. म्हण त्या दुपारी पडली. त्यानंतर तायडेंनी कुठल्याच गावाला कुठल्या गावाचं भावंड म्हटलं नाही. आम्ही फिरायचो, ते खिडकीशी बसायचे. गावात उतरलं की सरळ चावडीकडे चालू लागायचे.

याहून वाईट एक गोष्ट आहे. ती मी तायडेंनाही सांगितली नाही. त्या सव्वा वर्षात एकदा काही कागद द्यायला मी पिंप्राळ्याला गेलो होतो. तायडे घरी नव्हते. सुमेधा एकटीच मशीनवर शिवत होती. पाणी देऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही गेला होतात ना तिकडे, माझ्या लग्नाआधी? तुम्हाला कसं वाटलं होतं हो?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "छान वाटलं होतं, बेटा. अगदी आपल्यासारखं."

ती मशीनशी परत जाऊन बसली. मग म्हणाली, "मग माझंच काहीतरी चुकतं."

दोन महिन्यांनी ती आपण होऊन सासरी गेली.

नव्वदच्या पुढे तायडे निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी भाषण केलं. त्यात त्यांच्या शिक्क्याचं कौतुक होतं, प्रामाणिकपणाचं होतं. खरं बोलायची ती वेळ होती, ती मी दवडली. आणखी तीन-चार वर्षं अशीच गेली. मग माझीही निवृत्ती जवळ आली, झोप कमी झाली, आणि एका सकाळी मी पिंप्राळ्याला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ते दोघं तर आता पोरीकडेच राहतात. निवृत्त झाले आणि गेलेच तिकडे."

दुसऱ्या दिवशी मी निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री. जो रस्ता सात वर्षांपूर्वी अर्ध्यावर सोडला होता, तो मी झोप न काढता पूर्ण केला. पिंपळनेरहून जीप. सागाची झाडं सुरू झाली, हवा ओलसर झाली, आणि दुपारीच उजेड असा मऊ झाला की आपण पाण्याखालून चाललो आहोत असं वाटावं. कुठलंच ओळखीचं गाव त्याच्या मागे दिसेना.

तायडे ओट्यावर बसले होते. केस पांढरे झाले होते. मला पाहून उठले, "अरे साहेब!" कमलवहिनींनी नागलीची भाकरी आणि भात वाढला. जेवण झाल्यावर आम्ही दोघेच ओट्यावर बसलो तेव्हा मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना भाऊ म्हणालो. "भाऊ, तेव्हा मी इथं आलोच नव्हतो."

"माहीत आहे," तायडे म्हणाले.

"कधीपासून?"

"इथं पहिल्यांदा आलो त्या दिवसापासून. इथं कापूस पिकत नाही, साहेब. पऱ्हाटी कुठून जाळतील?" ते थोडंसं हसले. "वाटेत जीपमध्येच कळलं मले."

"मग बोललात का नाही? ऑफिसात सगळे तुम्हाला हसत होते."

तायडे समोरच्या डोंगराकडे पाहत म्हणाले, "जावयानं कधी म्हटलं होतं का, आमचं गाव बोदवडसारखं आहे म्हणून? नव्हतं म्हटलं. तो बिचारा खरा होता. मी जर बोललो असतो की आम्हाला खोटं सांगितलं गेलं, तर सुमेधाला वाटलं असतं, आपल्याला फसवून इथं दिलं. फसवून दिलेल्या घरात पोरगी राहत नाही. बापाचा अंदाज चुकला, एवढं ती पोटात घालू शकते. घातलं तिनं."

मी विचारलं, "तिला मी आता सांगू?"

"मी आहे तोवर नको."

मी पुढे काही विचारावं असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्यांनी मला माफ केलं का, हेही मला कळलं नाही. तसं ते म्हणाले नाहीत, आणि मी मागायला धजलो नाही. ते वेगळंच बोलू लागले. सुमेधा पलीकडच्या पाड्यावर शिवणवर्ग घेते, बायकांत तिचा मान आहे, दिवसभर ती रमलेली असते. "पण संध्याकाळी अजून जड जातं तिला. ही सावली उतरली की. बोलत नाही, पण मला दिसतं. मी पुष्कळ शोधलं, साहेब. बोदवडचं जुळं इथं नाही निघालं. मग म्हटलं, बोदवडचं कुणीतरी इथं येऊन बसायला नको?"

तायडे गेले त्याला आता वर्ष उलटून गेलं. सुमेधा, हे तू वाचावंस म्हणून छापायला देतो आहे. तुझे वडील चुकले नव्हते. तुझ्या नवऱ्यानं काही लपवलं नव्हतं. आणि तुझं काहीही चुकत नव्हतं. तुला जे वाटत होतं तेच खरं होतं. मी गेलो असतो तर तुझ्या वडिलांना तेच येऊन सांगितलं असतं.

त्या दिवशी माझी परतीची जीप साडेपाचची होती. ओट्यावरून उठताना मी म्हणालो, "चला ना भाऊ, थांब्यापर्यंत." ते म्हणाले, "नाही साहेब, या वेळेला मी इथून हलत नाही." मी एकटाच थांब्यावर गेलो. जीप निघाली तेव्हा मी मागच्या बाजूला, उघड्या फळीशी बसलो होतो. डोंगराची सावली गावावर आली होती, धूर खाली बसला होता, घरं त्यात अर्धी बुडाली होती. पाड्याच्या पायवाटेनं एक बाई काखेत कापडाची पिशवी घेऊन येत होती. चाल थकलेली. वळणावर आली तशी तिनं मान वर करून घराकडे पाहिलं. ओट्यावरच्या त्या उंच माणसानं उठून हात वर केला. मग तिनं भराभर पाय उचलले.